दिवेलागणीआधीची झोप

कुसुमताईंना घाणीची किळस फार. भोसरीत त्यांच्या खाणावळीत जेवलेल्या कुणालाही विचारा. ताटात हात धुणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ताट मिळायचं नाही, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो. फोर्जिंगच्या कंपनीतून काळीकुट्ट होऊन आलेली पोरं आधी मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची. न धुता कोणी बसलाच, तर कुसुमताई भाकरी टोपलीतच ठेवून त्याच्यासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. पोरगं मुकाट उठायचं.

परांड्याकडून नवऱ्याबरोबर आल्या, नवरा लवकर गेला, आणि एकुलत्या गणराजला त्यांनी या खाणावळीवर मोठं केलं. पहिल्या पाळीचे डबे उजाडायच्या आत तयार लागायचे आणि तिसऱ्या पाळीची माणसं रात्री उशिरा जेवून जायची. त्यामुळे बाईंच्या झोपेचे कायमचे दोन तुकडे झाले. एक रात्रीचा, अगदी आखूड. दुसरा दुपारी, भांडी घासून झाली की ओट्याखालच्या गार फरशीवर, हाताची उशी करून. शेजारी पत्रे कापायचं मशीन किंचाळत असलं तरी त्यांना जाग यायची नाही. पहाटे तीनला मात्र आपोआप डोळे उघडायचे. गजर कधी लावलाच नाही.

गुडघे गेले तेव्हा खाणावळ बंद झाली आणि त्या गणराजच्या मोशीतल्या फ्लॅटवर राहायला गेल्या. गणराज चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. दर आठवड्याला पाळी बदलायची. एक बेडरूम, एक हॉल, नात दहावीला. कुसुमताईंचं अंथरूण स्वयंपाकघरात. खाणावळ बंद झाली तरी तीनला उघडणारे डोळे काही बंद होईनात. पडून पडून अंग दुखायला लागलं की त्या हळूच उठायच्या, कणीक मळायच्या, कुकर लावायच्या. शिट्टी काही हळू होत नाही. सून मोनिका केस सोडलेल्या अवस्थेत दारात येऊन उभी राहायची, काही न बोलता परत जायची. तिकडे दुसऱ्या पाळीहून आलेला गणराज नुकता कुठे झोपलेला असायचा. घरात कोणी मोठ्याने भांडलं नाही. पण सगळ्यांचे डोळे तांबारलेले आणि सगळ्यांची बोलणी तुटक झाली. एक दिवस गणराजने तळवड्याच्या एका वृद्धाश्रमाचं नाव काढलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुसुमताईंनी हो म्हटलं. मुलाने आर्जव करावं आणि मग आपण जावं, हे त्यांच्या मानी स्वभावाला झेपणारं नव्हतं.

त्या वृद्धाश्रमाला एक गोड नाव होतं, ते इथं सांगण्यात अर्थ नाही. गल्लीच्या टोकाला तीन मजली इमारत, दोन्ही अंगांना छोटे छोटे वर्कशॉप, एका शेडमध्ये लोखंडावर भुकटीचा रंग चढवायचं पावडर कोटिंग. चालवणाऱ्या विजयश्री मॅडम टापटीप, गोड बोलणाऱ्या. भेटायला आलेल्या नातेवाइकांना त्या संध्याकाळी मुद्दाम वरच्या मजल्यावर न्यायच्या आणि दारातूनच दाखवायच्या. गल्लीत पोरं अजून क्रिकेट खेळत असायची, शेजारच्या शेडमधला पत्रे ठोकणारा प्रेस धाडधाड चालू असायचा, भिंतीवर ऊन असायचं, आणि आत खाटांवर सगळी म्हातारी माणसं गाढ झोपलेली. नातेवाईक चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता खाली उतरायचे. किती शांत आहे हो तुमच्याकडे, असं म्हणायचे.

कुसुमताईंनाही आधी ते नवलाचंच वाटलं. जेवण उन्हं असतानाच उरकायचं, मग रुपाली नावाची कामवाली मुलगी प्रत्येकाला गोडमिट्ट, पाणचट दुधाचा कप द्यायची. कप रिकामा झाला की थोड्या वेळात पापण्या जड. जन्मात पहिल्यांदा त्यांची झोप एकसंध लागली. फोनवर त्यांनी गणराजला सांगितलंही, की मी पाय पसरून झोपायले रे. तो खूश झाला.

मग सकाळी तोंडाची चामडी झाल्यासारखं वाटू लागलं. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं दगडाचं, न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागे. आणि एका सकाळी त्या जाग्या झाल्या त्या ओल्या लुगड्यात.

हे त्यांना कसं वाटलं ते सांगणं अवघड आहे. ज्या बाईने दुसऱ्याच्या नखातली मळी पाहून ताट मागे घेतलं, ती बाई आपल्याच मुतात पडून होती आणि तिला कळलंही नव्हतं. मांड्यांना चिकटलेलं गार कापड, खालच्या रबरी कापडावर साचलेलं थारोळं, आणि तो वास. त्यांनी तो वास आजवर फक्त एसटी स्टँडच्या भिंतीपाशी घेतला होता. कुणी उठायच्या आत लुगडं धुवावं म्हणून त्या धडपडत उठल्या, पण पायांत जोर नव्हता. रुपालीने पाहिलं. तिला काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी तिने न विचारता डायपर बांधला आणि आता रोज लावायचा म्हणून सांगितलं.

तो डायपर ऊन असताना बांधला जायचा आणि दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी सुटायचा. मधल्या वेळात काय झालं ते झालं. सगळ्या मजल्यावर हाच कारभार होता. सकाळी खिडक्या उघडायच्या आधी खोलीत जी हवा असायची ती घशात बसायची, आणि त्यावर फिनेल ओतलं की दोन्ही मिळून आणखी वाईट. समोरच्या चहाच्या कपातही कुसुमताईंना तोच वास यायचा. त्या निम्मा चहा मोरीत ओतायच्या.

सगळ्यात जास्त किळस त्यांना स्वतःची आली. हे वय आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. शरीर सडायला लागलं की असंच होत असणार. दुपारनंतर पाणी पिणं सोडलं, तरी सकाळ ओलीच. उशाशी तुळजाभवानीचा छोटा फोटो होता, त्याला हळदकुंकू लावणं त्यांनी बंद केलं. या हातांनी कसं लावायचं. गणराजला यातलं अक्षर सांगितलं नाही. हे मुलाला सांगायचं तरी कुठल्या शब्दांत?

शेजारच्या खाटेवर इंदुताई. कासारवाडीच्या, प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, अंगाने काडी, गोडाच्या भारी शौकीन. सकाळी बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच हरवायचं आणि त्या खिडकीकडे बघत राहायच्या. दुपारनंतर मात्र लखलखीत बोलायच्या, शाळेतल्या पोरांच्या नकला करायच्या. कुसुमताईंना वाटायचं, दिवसातून दोनदा वेगवेगळी बाई शेजारी येते.

एका संध्याकाळी कुसुमताईंच्या दुधावर साय धरली होती आणि सायीत एक चिलट पंख पसरून चिकटलं होतं. त्यांना अशी शिसारी आली की त्यांनी कप लांब सरकवला. इंदुताई म्हणाल्या, वाया कशाला घालवता, आणि बोटाने चिलट बाजूला काढून, ते बोट चादरीला पुसून, तो कपही पिऊन टाकला. कुसुमताईंनी तोंड फिरवलं.

त्या दिवशी कुसुमताई उजेड मावळेपर्यंत टक्क जाग्या राहिल्या. मग आपसूक झोपल्या आणि तीनला जाग आली. डोकं स्वच्छ होतं. डायपर कोरडा होता. तो सोडून त्या स्वतःच्या पायांनी न्हाणीत गेल्या आणि भिंत न धरता परत आल्या. पुन्हा बाई झाल्यासारखं वाटलं त्यांना.

इंदुताई सकाळी उठल्या नाहीत. तोंड उघडं, एका पापणीखालून डोळ्याचं पांढरं दिसतंय, लाळेने उशी भिजलेली. रुपालीने हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. मॅडम वर आल्या. त्यांनी डॉक्टरला बोलावलं नाही. नाडी पाहिली आणि खालच्या आवाजात रुपालीला विचारलं, "किती घातल्या होत्यास?"

कुसुमताई आपल्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं. आपण कप सरकवला आणि इंदुताईंनी तो प्यायला, एवढं त्यांना पुरेसं होतं. इंदुताईंनी दुपारी डोळे उघडले, पण सुनेचं नाव त्यांना संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

संध्याकाळचा कप कुसुमताईंनी रुपालीची पाठ वळेपर्यंत ओठाला लावून ठेवला आणि खाटेखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वरचं दूध फुटलेलं आणि तळाला पांढरा गाळ. बोटावर घेऊन जिभेला लावला. कडू. त्या खिडकीपाशी जाऊन थुंकल्या आणि थुंकतच राहिल्या. महिनोन् महिने हे आपल्या पोटात गेलं, आणि आपण मात्र आपल्या शरीराला शिव्या देत बसलो. त्यांना खरोखरच ओकारी झाली.

तोच कप घेऊन त्या खाली मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी कपात पाहिलं आणि नाकारण्याची तसदीही घेतली नाही. खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. म्हणाल्या, झोप तब्येतीला चांगलीच असते. रात्री मजल्याला एकच मुलगी असते. सगळे उठून फिरायला लागले तर पडतील, हाडं मोडतील, मग जबाबदार कोण? सगळीकडे असंच चालतं. हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. भाजीचा हिशेब मांडावा तशा त्या बोलत होत्या.

"आणि तुमच्या मुलाला माहीत आहे, आजी," त्या म्हणाल्या. "मी विचारूनच दिलंय."

कुसुमताईंनी कप टेबलावर ठेवला. मॅडमनी तेव्हा तोडगाही सुचवला. तुमच्या दुधात काही घालणार नाही, फक्त वर जाऊन कुणाला काही सांगू नका. कुसुमताई काहीच बोलल्या नाहीत. मॅडमनी तो होकार समजला.

पुढचे काही दिवस त्यांचा कप वेगळा यायचा, नुसत्या पाणचट दुधाचा. सकाळी अंथरूण कोरडं. त्या ऊन असताना खाटेवर बसायच्या आणि एकेक माणूस कसं विझतं ते बघायच्या. कोपऱ्यातल्या आबाजींचा घास तोंडातच राहायचा. चिखलीचा गडी, आयुष्यभर बैल हाकलेला, आणि त्याच्या हनुवटीवरून भाताची शितं गळायची. कुणी मिशीवरची माशी उडवायचं नाही. आपली कोरडी चादर आपण गप्प राहून मिळवली आहे, हे कुसुमताईंना कळत होतं, आणि त्या चादरीचीही त्यांना शिसारी यायला लागली. गणराजला फोन करून त्यांनी रविवारी संध्याकाळी यायला सांगितलं. ऊन असतानाच ये, एवढंच म्हणाल्या.

गणराज केळी आणि बिस्किटं घेऊन आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगावर कंपनीचा शर्ट, इथूनच पुढे रात्रपाळीला जायचं होतं. खाटेच्या कडेवर बसून त्याने नातीच्या क्लासचं, मोनिकाच्या पाठदुखीचं सांगितलं. कुसुमताई ऐकत राहिल्या. रुपाली दूध देऊन पुढे गेली, तेव्हा त्यांनी हात लांब करून इंदुताईंच्या पुढ्यातला कप उचलला. इंदुताई लहान पोरीसारख्या म्हणाल्या, अहो, माझं दूध. कुसुमताईंनी तो कप मुलासमोर धरला.

"पी."

गणराजने कपाकडे पाहिलं, मग आईकडे. "मला नको आई. मला चाकणला जायचंय. गाडी चालवायचीय."

"म्हंजे तुला ठावं हाय ह्यात काय हाय ते."

 तो खाली बघत हळूहळू बोलला. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फोन केला होता, नवीन माणसाला रात्री त्रास होतो, हलकंसं काही देऊ का म्हणून. तो रात्रपाळी करून आला होता, डोळे मिटत होते. हो म्हणाला. नंतर आई फोनवर म्हणाली की झोप छान लागते, तेव्हा त्याला वाटलं, बरंच झालं. इतकी वर्षं ती झोपलीच नव्हती.

कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "गणू, मी आंथरुणात मुतत व्हते रोज. मला वाटलं मीच सडायले. देवीला हात लावणं सोडलं मी."

गणराजचं तोंड वाकडं झालं. रडू होतं की किळस, ते त्यांना ओळखता आलं नाही, आणि त्या क्षणी त्यांना त्याच्याकडे बघवेना. त्याने हात पुढे केला तर त्यांनी आपला हात पदराखाली घेतला.

दारात इंदुताईंची सून करिष्मा उभी होती. तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला, सुट्टीच्या दिवशी सासूला भेटायला यायची. तिने बरंचसं ऐकलं होतं. आत येऊन तिने कुसुमताईंना एवढंच विचारलं की त्या दिवशी सासूबाई उठल्या नाहीत, ते यामुळे का. कुसुमताईंनी सगळं सांगितलं. आपला कप त्यांनी प्यायला, तेही सांगितलं. करिष्माने आपल्या पाण्याची बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, कपातलं दूध तिच्यात भरलं, सासूचे कपडे पिशवीत कोंबले आणि मॅडम जिन्यात आडव्या आल्या तरी न थांबता सासूला रिक्षात घालून घेऊन गेली. गणराज मागे राहिला. आईला म्हणाला, चल घरी. त्या म्हणाल्या, तुझी पाळी चुकंल, तू जा.

करिष्माने तक्रार केली. दूध तपासलं गेलं, अधिकारी आले, कपाटातल्या गोळ्या घेऊन गेले. मॅडमना ताकीद मिळाली आणि रात्री मजल्याला आणखी एक बाई ठेवावी लागली. वरचा मजला जागा झाला. कुणी भिंतीशी बोलायचं, कुणी पाणी मागायचं, आबाजी मध्यरात्री उठून बैल हाकायचे. सकाळी डोळ्यांत मात्र ओळख असायची. आबाजींनी कुसुमताईंना पहिल्यांदा त्यांचं गाव विचारलं.

मॅडमनी नातेवाइकांना बोलावलं. कुसुमताईंना वाटलं होतं की माणसं चिडतील, मॅडमना जाब विचारतील. एकजण चिडला, तो आबाजींचा मुलगा दादासाहेब. पांढराशुभ्र शर्ट, बोटांत अंगठ्या, चिखलीच्या जमिनीवर इमारती उठवलेला माणूस.

"आमचं म्हातारं रातभर बैलं हाकतंय," तो म्हणाला. "गोळी व्हती तवा गप पडून ऱ्हायचं. आता मला रातीचे फोन येत्यात. ही तक्रार कुनी केली आन कशापायी?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुसुमताई त्या माना बघत होत्या. यातल्या कितीजणांना फोन आला असेल आणि कितीजण हो म्हणाले असतील, हे त्यांना न विचारता दिसत होतं. चांगले कपडे, गाड्यांच्या किल्ल्या, कपाळाला गंध. फिनेलचा वास त्या माणसांना येत होता, काहींनी नाकाला रुमाल लावला होता. आपल्या बापाच्या खोलीत यायला ज्यांना रुमाल लागतो, त्यांना बाप गप्प पडलेलाच बरा वाटणार.

"तुमीच घ्या मग ती गोळी," त्या दादासाहेबाला म्हणाल्या. "फोनचा आवाज यायचा न्हाई."

काही दिवसांत आबाजींना त्यांचा मुलगा दुसरीकडे घेऊन गेला. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही. आणखी तिघाचौघांना त्यांच्या घरच्यांनी हलवलं, आणि या लोकांनी ही जागा घर म्हणून नव्हे, गोळीसाठी भाड्याने घेतली होती हे कुसुमताईंना तेव्हा पुरतं पटलं. उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडमनी आश्रमच बंद केला.

गणराज पुन्हा घरी चल म्हणाला. त्याने सुट्टी काढली होती, मोनिकाही बरोबर आली होती. कुसुमताईंनी नाही म्हटलं. माझे डोळे तीनला उघडणार, तुझे तीनला मिटणार, आणि एक दिवस तुम्ही पुन्हा कुणाला तरी विचाराल, असं त्या सरळ बोलल्या.

त्यांनी थेरगावात दुसरी जागा घेतली, पण खाट घ्यायच्या आधी तिथे एक अख्खी संध्याकाळ बाकावर बसून राहिल्या. दिवे लागले, माणसं टीव्ही बघत होती, एक आजोबा पत्त्यांवरून भांडत होते, तेव्हा त्यांनी पिशवी आत नेली. आता दुपारी त्या झोपतात. खिडकीखाली डांगे चौकातल्या गाड्यांचे भोंगे वाजतात, तरी उठत नाहीत. पहाटे उठून स्वयंपाकघरात मेथी निवडत बसतात, तिथली बाई त्यांना हाकलत नाही. देवीला कुंकू लावतात.

गणराज महिन्यातून एकदा त्यांना जेवायला मोशीला नेतो. त्या नातीशी बोलतात, मोनिकाच्या पाठीला तेल लावून देतात, मुलाला ओव्हरटाइम कमी कर म्हणून सांगतात. परवा मोनिकाने चहा करून आणला. कुसुमताईंनी कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, आत गेल्या, पातेलं घासून घेतलं आणि स्वतःपुरता चहा गॅसवर चढवला. गणराजने तो ठेवलेला कप उचलला आणि सगळ्यांसमोर एका दमात पिऊन टाकला. कुसुमताईंनी ते दारातून पाहिलं, आणि चहा उतू जाईल म्हणून पुन्हा गॅसकडे वळल्या.